गुडघ्यापर्यंत सुटलेली शपथ

जरा जवळ सरक बाई, आणि हे वाचून होईपर्यंत तो मोबाईल पालथा ठेव. रागावले नाही मी, पण बोलणार आहे. गेल्या महिन्यात आलीस, निम्मा चहा कपात तसाच ठेवलास, शाळेची नवी माहितीपुस्तिका माझ्या मांडीवर टाकलीस आणि चप्पल घालता घालता म्हणालीस, "आजी, तुझ्या वेळचं काही राहिलं असेल तर खूण करून ठेव." नात शाळेत शिक्षिका झाली तेव्हा मी आळीभर पेढे वाटले होते, ते काय खुणा करायला?

खूण करू तरी कुठे? पुस्तिका छान आहे, कागद गुळगुळीत आहे. प्रयोगशाळेला एक पान, संगणकाच्या खोलीला दीड पान, ग्रंथालयातल्या कपाटांचा फोटो. आणि तलावाला एक ओळ. "शाळेच्या आवारात मुलींसाठी जलतरण तलाव आहे." संपलं. अगं, ज्या तलावाच्या काठावर तुझ्या आजीने वीस-बावीस वर्षं शिट्टी फुंकली, त्याला एक ओळ? आणि तू कोथरूडला राहतेस, रोज त्या तलावावरून जातेस, कधी पाय तरी बुडवलास का त्यात? नाही ना? मग आता ऐकून घे. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे लिहिणं माझं बोलण्यासारखंच आहे. शुद्धलेखन तू तपास, तुला त्याचा पगार मिळतो.

शाळा निघाली ती स्वातंत्र्यानंतर चारपाच वर्षांनी, पेठेतल्या एका वखारीच्या माडीवर. खाली लाकूड कापायची करवत चालायची आणि वर मुली पाढे म्हणायच्या. मग कुणी एका भल्या माणसाने गावाबाहेरची पेरूची बाग शाळेला दिली. आता ते गावाबाहेर म्हटलं तर तू हसशील, पण तेव्हा तिकडे संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. बागेत एक विहीर होती आणि विहिरीशेजारी झाडांना पाणी सोडायचा भला मोठा दगडी हौद. इमारत बांधणारा म्हणाला, हौद बुजवून टाकू, वर दोन वर्ग बसतील. मोठ्या बाई म्हणाल्या, "वर्ग कुठेही बसतात. हौद कुठेही बसत नाही."

मोठ्या बाई म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिका. उंच, सडसडीत, पांढरं सुती पातळ, आणि बोलणं असं की समोरच्याला दोन तासांनी कळावं आपला अपमान झाला होता. पाचवीच्या चाळीस जागा आणि प्रवेशपरीक्षेला आख्ख्या पुण्यातल्या मुली. यादी लागली की फाटकाशी जत्रा. एकदा कुणी मोठे वकील आले, "आमची मुलगी एका गुणाने राहिली हो." मोठ्या बाई म्हणाल्या, "मग तिला चिकाटी आहे. दुसरीकडे उपयोगी पडेल." झालं, वकीलसाहेब आभार मानून गेले.

तुझे आजोबा तिथे माळी होते. बागेच्या टोकाला दोन खोल्यांत आमचा संसार. हौदाची फरशी नीट केली, आत उतरायला पायऱ्या केल्या, भोवती दीड पुरुष उंच भिंत घातली, आणि हौदाचा तलाव झाला. पण शिकवायला आणलेले गृहस्थ चांगले असूनही शेवटी गृहस्थच. पालक म्हणाले, मुली पुरुषासमोर पाण्यात उतरणार नाहीत. म्हणून दोन वर्षं तलाव नुसता पडून होता. त्यातून शाळेला काय मिळालं असेल तर प्रयोगशाळेला बेडूक.

आता माझं कसं जमलं ते. एके दिवशी मोठ्या बाई काठावर उभ्या राहून आजोबांना शेवाळावरून बोलत होत्या आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुटून पाण्यात गेला. आख्ख्या शाळेच्या किल्ल्या! आजोबा मोठे शूर, पण पाण्याला भिणारे. मी धुणं वाळत घालत होते. पिळा खाली ठेवला, कासोटा आवळला आणि नऊवारीसकट उडी मारली. दुसऱ्या बुडीला जुडगा सापडला.

मी वर आले तर मोठ्या बाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"कुठे शिकलात?"

"मांजरीला, माहेरी. आमच्या विहिरीत."

"कोणी शिकवलं?"

"भावांनी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला आणि वरून ढकललं. पुढचं माझं मी."

"उद्यापासून मुलींना शिकवा," त्या म्हणाल्या. "ढकलू मात्र नका."

बिंडा तुला ठाऊक नसेल. पांगाऱ्याचं लाकूड बुचासारखं हलकं. त्याचे ओंडके दोरीने पाठीला बांधले की माणूस बुडत नाही. मी मांजरीहून चार बिंडे आणवले. पोहायचे कपडे शिवणाच्या तासाला मुलींनीच शिवले, निळ्या पॉपलीनचे, बाही कोपरापर्यंत, खाली गुडघ्यापर्यंत चड्डी. पाण्यात शिरलं की त्यात हवा भरायची आणि सगळ्या मुली निळ्या भोपळ्यांसारख्या तरंगायच्या. कपडे बदलायला पत्र्याच्या तीन खोल्या होत्या, उन्हाळ्यात तिथे पापड वाळले असते. पाणी दर पंधरवड्याला बदलायचं. जुनं पाणी पाटाने पेरूंना जायचं, मग आम्ही काथ्याने फरशी घासायची, विहिरीवरचा पंप लावायचा, दोन दिवसांनी तलाव भरायचा. आत पुरुष म्हणून कुणी नाही. पंप चालवायलासुद्धा मीच शिकले. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले तर त्यांनाही भिंतीबाहेर उभं केलं. त्यांनी वहीत लिहिलं, "तलाव आहे असे आवाजावरून दिसते."

मुली मला आधी मावशी म्हणायच्या. मोठ्या बाईंनी प्रार्थनेला सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्या शिकवतात त्यांना बाई म्हणायचं. मावशी आपापल्या घरी." तेव्हापासून मी तलावाच्या बाई झाले. त्या दिवशी घरी येऊन मी आजोबांना दोनदा बाई म्हणायला लावलं.

आणि मग पानशेत फुटलं. ते तू पुस्तकात वाचलं असशील. आपल्या शाळेला पाणी लागलं नाही, पण नदीकाठच्या मुलींची घरं गेली. त्या पुरानंतर मोठ्या बाईंनी नियम केला की आठवी संपायच्या आत प्रत्येक मुलीने तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत, बिंड्याशिवाय, पार करायचा. नाही केला तर नववीत बसायचं नाही, दाखला घेऊन जायचं. पालक चिडले. एक जण म्हणाले, "अहो, एवढ्याशा तलावात पोहून पुरात काय होणार आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या, "काही नाही. इंग्रजी शिकून तरी पुरात काय होतं? तेही शिकवतोच ना."

त्यासाठी एक वही होती, तलाव-वही. आठवीच्या मुलींची नावं लिहून पुढे मी पेन्सिलीने खूण करायची. तीच वही भरता भरता माझं अक्षर वळणावर आलं. आणि पार झालेल्या मुलीला मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर एक पेरू द्यायच्या, बागेतला. बक्षिसाचा कप दिला असता तर मुलींना एवढं अप्रूप वाटलं नसतं.

आता आले मी मुद्द्यावर. थांब, पाणी पिऊन येते.

तर, पूर येऊन गेल्याला काही वर्षं झाली होती. पाचवीच्या यादीत पहिलं नाव लागलं ते लोणी काळभोरच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं. अंगाने काटकी, केसांना तेल चोपडलेलं, दोन घट्ट वेण्या. हडपसरला मामाकडे राहायची, शनिवारी दुपारी लोणीला जायची. वर्गातल्या मुली आधी तिच्या बोलण्याला हसल्या. सहामाहीचा निकाल लागल्यावर गणितं विचारायला तिच्याच बाकाभोवती बसायला लागल्या. सगळ्या तिला लोणीची म्हणायच्या, मीही तेच म्हणते.

सातवीपासून पोहण्याचा तास. पहिल्या तासाला लोणीची म्हणाली, "बाई, पोटात दुखतंय." मी म्हटलं बस काठावर. दुसऱ्या आठवड्यात पोट, तिसऱ्या आठवड्यात पोट. एवढं दुखणारं पोट मी बाळंतिणीचंही पाहिलं नव्हतं. पण मुलगी गोड. सगळ्यांचे पंचे सांभाळायची, कोणी किती हात मारले ते मोजायची, "बाई, हिचा उजवा पाय हलतच नाही" असं अचूक सांगायची. मला वाटलं भीती आहे, जाईल हळूहळू. लाडच केले म्हण ना. बघता बघता आठवी अर्धी सरली. वहीत सगळ्यांपुढे खुणा होत्या, एकटीचा रकाना कोरा.

मग मी तिला एकटीला बसवलं. "आज पोटाचं नाव काढू नकोस. खरं काय ते सांग."

ती पंच्याची दशी ओढत बसली. मग म्हणाली, "बाई, माझा दादा कालव्यात गेला. म्हैस धुवायला गेला होता. मी चौथीत होते. तेव्हा आईने मला शपथ घातलीय. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलीय मी. घोट्याच्या वर पाणी लागू द्यायचं नाही. अंघोळ तांब्याने करायची, पावसात ओढा आला तर थांबायचं."

"आणि इथला नियम? आईला सांगितलास?"

"सांगितला तर ती शाळेतून काढेल. वडील म्हणतातच, सातवी खूप झाली. माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरलंय, ती माझ्याएवढीच आहे."

बघ, म्हणजे तलावात उतरली तर आईची शपथ मोडते आणि नाही उतरली तर शाळा सुटते. आणि शाळा सुटली की पुढचं काय, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मलाही चौथीतून काढलं ते लग्नासाठीच.

आईची शपथ मोड असं मी तिला कसं सांगू? शपथ ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हणायचं असतं, तेव्हाच सुटते. हे तुम्हाला हसू येण्यासारखं असेल, आमच्यात नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मोठ्या बाईंनी वही मागवली. मी दिवाणावर वही घेऊन बसले. एकोणचाळीस खुणा आणि एक कोरी जागा. मी विचार केला, एक खूण तर आहे, कोणाचं काय जातंय? पोरगी तलावाच्या आतच होती, फक्त काठावर होती. आणि केली मी खूण. अशी ठसठशीत केली की आज लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी लोणीच्या मुलीला पुढे बोलावलं आणि पेरू दिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ज्या तिच्याबरोबर रोज तलावावर असायच्या, त्यांनीही वाजवल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. एकोणचाळीस जणींनी मिळून माझं खोटं झाकलं, बघ.

मधल्या सुट्टीत ती आली. पेरू हातात तसाच.

"बाई, हा माझा नाही."

"अगं वेडे, खा गुपचूप."

"मी नाही खाणार. तुम्ही मला विचारलं पण नाही." आणि पेरू कठड्यावर ठेवून वर्गावर निघून गेली.

मला वाटलं होतं पोरगी पाया पडेल. तिने तर मला उघडं केलं. पण खरं होतं गं तिचं. तिने गणितात कधी कुणाचं उतरवलं नव्हतं, आणि मी तिला फुकटची खूण देऊन कॉपी केल्यासारखं करून ठेवलं होतं. दुपारभर मी पेरूकडे बघत बसले, मग तो आणि वही घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. शपथसुद्धा.

त्यांनी चष्मा काढला. "आपण पोहायला शिकवता की नवसाला पावता?"

मी पेरू टेबलावर ठेवला.

"नियम मी केला आहे. मोडायचा झाला तर मी मोडीन. तो मान आपल्याला कोणी दिला?" मग लाल शाईची दौत पुढे सरकवली. "खूण खोडा. खाली सही करा. पूर्ण नावाने."

मी खोडली. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, मला काय ती शिक्षा करा, पण मुलगी पहिली येते हो. तिला काढलं तर तिचं लग्न लावतील."

"काढलं कोणी?" त्या म्हणाल्या. "नववी जूनमध्ये सुरू होते. तोवर आठवीच चालू आहे असं मी समजते." आणि मुलीला बोलावून म्हणाल्या, "तुला पोहता येत नाही हे कळलं. खोटं चालत नाही हेही कळलं. पहिलं सुट्टीत शिकून घे." आणि मला म्हणाल्या, "आपण लोणीला जाऊन या. शाळेच्या वतीने नव्हे. शाळेच्या वतीने गेलात तर भांडण होईल."

गेले बाई एसटीने. मार्च संपत आला होता, कांद्याची काढणी चाललेली. मुलीची आई शेतात होती, माझ्याच वयाची, उन्हाने काळवंडलेली. मी ओळख सांगितली आणि उभ्याने बोलणं बरं दिसेना म्हणून तिच्या शेजारी बसून कांदे उपटायला लागले. मांजरीची लेक मी, हाताला सवय होतीच. दोन सऱ्या झाल्यावर सगळं बोलले.

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "बाई, म्या शपत घातली नव्हती तवा पोरगा ग्येला. आता घातलीया, तर पोरगी हाय. मग तुमीच सांगा, कशी सोडू?"

यावर तू एवढी शिकलेली, तू काय बोलली असतीस? मी कांदे उपटत राहिले.

"तुमास्नी पोरं किती?" तिने विचारलं.

"दोन."

"दोन्ही हायती?"

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

निघताना तिने पिशवीभर कांदे दिले. मी एवढंच म्हणाले, "ताई, एकदा येऊन तलाव बघून जा. नुसता बघून जा." ती म्हणाली, "पान्याला काय बगायचं?" मी एसटीत बसले आणि वाटेत मांजरीच्या फाट्यावर उतरून आईला भेटायचं ठरवलं होतं, तेही विसरले. घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "कांदे मिळाले."

नंतरच्या शनिवारी दुपारी फाटकाशी ती उभी. कांदा बाजाराला आणला होता, तशीच आली होती. डोक्यावर पदर, हातात काठी. लोणीच्या मुलीचा चेहरा पांढराफटक. तिला वाटलं आई न्यायला आली.

आईने आधी तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली. मग काठी पाण्यात घालून बघितली.

"खाली काय हाय?"

"फरशी."

"गाळ?"

"आम्ही दर पंधरवड्याला घासतो."

"वढ हाय का पान्याला?"

"ओढ नाही ताई, उभं पाणी आहे."

"पानी भाइर कुटनं जातंय?"

मी पाटाचं दार दाखवलं. तिने ते बंद करून दाखवायला लावलं, उघडायला लावलं, पुन्हा बंद करायला लावलं. शिक्षणखात्याने एवढी तपासणी कधी केली नाही. मग पायरीवर बसली, लेकीकडे न बघता म्हणाली, "गुडग्यापत्तुर सुटली."

आम्ही दोघी बघतच राहिलो. अशी शपथ सुटताना मी जन्मात ऐकली नव्हती.

"ऐकलं न्हाई का? गुडग्यापत्तुर. वर न्हाई."

लोणीची मुलगी दुसऱ्या पायरीवर उतरली, परकर दोन्ही हातांनी धरून. पाणी तिच्या गुडघ्याशी आलं आणि ती उभी राहिली. पोहणं नाही, काही नाही, नुसती उभी. तासभर निघेना.

तेव्हापासून दर शनिवारी बाजार उरकून आई यायची. सुट्टी लागल्यावर मुलगी आमच्याकडेच राहायला आली. दुसऱ्या शनिवारी शपथ कमरेपर्यंत सुटली. तिसऱ्या शनिवारी भावकीतलं लग्न निघालं, आई आलीच नाही, मग दोन आठवडे कमरेवरच. तेवढ्यात मी हात शिकवले, श्वास शिकवला. ती विचारायची, "बाई, तोंड पाण्यात घातलं तर शपथ मोडते का?" आता हे मी कुठल्या पुस्तकात बघू? मोठ्या बाईंना विचारलं. त्या रोज संध्याकाळी छत्री घेऊन यायच्या आणि पहिला प्रश्न, "आज कुठपर्यंत सुटली?" त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मुलगी पाण्यात जाणं आणि पाणी मुलीवर येणं यांत फरक आहे." म्हणून मी तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी ओतायचे आणि ती डोळे मिटून श्वास धरायची. पाहणाऱ्याला वाटलं असतं, न्हाऊ घालतेय.

मे सरता सरता शपथ गळ्यापर्यंत आली. पण पाय फरशीला टेकलेलेच हवेत, ही अट. पाय टेकून कोण पोहतं? मी काकुळतीला आले. शाळा उघडायला आठ-दहा दिवस राहिले होते. आई काठावर बसून दाण्याचं कूट-गूळ खात होती, मी म्हटलं, "ताई, आता पायांचंही सोडा." तिने हात झटकले. म्हणाली, "सोडते. पर दोर बांदून." मग पाय सुटले. ते आठ दिवस मुलगी सकाळ-संध्याकाळ पाण्यात होती. कमरेला माझी धुण्याची दोरी, पाठीला आधी दोन ओंडके, मग एक, मग नुसती दोरी. अर्ध्या तलावापर्यंत जायची आणि मागे वळायची. पलीकडचं अर्धं तिने कधी केलं नव्हतं.

शाळा उघडायच्या आधीचा शेवटचा शनिवार. आभाळ भरून आलेलं. मोठ्या बाई छत्री टेकून उभ्या. आई येताना घरून बैलाचा कासरा घेऊन आली होती. माझ्या दोरीवर विश्वास नव्हता तिचा. कासऱ्याचं एक टोक लेकीच्या कमरेला बांधलं, गाठ तीनदा ओढून बघितली. दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि पहिल्या पायरीवर बसली.

मी शिट्टी वाजवली.

मुलगी निघाली. हात बरे पडत होते, पाय जरा घाईत. निम्मा तलाव गेला, आणि माझ्या ध्यानात आलं की कासरा पुरायचा नाही. आधी का नाही मोजला देव जाणे. कासरा धरून काठाने चालत जायला जागा नव्हती. एका बाजूला भिंत पाण्याला भिडलेली, दुसऱ्या बाजूला त्या पत्र्याच्या खोल्या, त्यांच्या मागून गेलं तर कासरा अडकणार. कासरा ताणला. मुलगी जागच्या जागी हात मारायला लागली, पुढे सरकेना.

ओढून मागे घ्यावं की काय, मलाच कळेना. आईने मात्र कासरा ओढला नाही. ती उठली आणि एक पायरी खाली उतरली. मुलगी तेवढी पुढे गेली. मग आणखी एक पायरी. लुगडं फुगून वर आलं, तिने ते एका हाताने दाबलं आणि आणखी उतरली. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. शेवटची पायरी संपली, पुढे खोल पाणी. कासरा पुन्हा ताणला.

लेक पलीकडून ओरडली, "आई, ओढतंय गं!"

आईचे दोन्ही हात पाण्याखाली गेले. मला वाटलं तोल गेला, मी उडी मारायला पुढे झाले. ती गाठ सोडत होती. तीनदा आवळलेली ओली गाठ, सुटता सुटेना. सुटली. कासरा तिच्या हातात आला, क्षणभर तिने तो तसाच धरला, आणि मग मोठ्याने म्हणाली, "सुटली! समदी सुटली! जा!"

आणि सोडून दिला.

पलीकडच्या काठाला मुलीचा हात लागला तेव्हा तिच्या मागे आख्खा कासरा शेपटासारखा तरंगत होता. मोठ्या बाईंनी घसा खाकरला. म्हणाल्या, "नियमात बिंडा नको असं आहे. कासऱ्याचा उल्लेख नाही." मग माझ्याकडे वळून, "बाई, वहीत लिहा. या वेळी शाईने."

आई पाण्यातून निघायला तयार होईना. छातीएवढ्या पाण्यात तशीच उभी. मी खाली उतरून तिचा दंड धरला. ती म्हणाली, अगदी हळू, मला एकटीला ऐकू येईल असं, "त्योबी म्हनायचा, आये पवायला शिकतो. म्याच न्हाई म्हनले हुते." मी दंड सोडला नाही. तिच्याजवळ उभी राहिले, तेवढंच. लेक खोल्यांमागून धावत आली आणि ओरडायला लागली, "आई, थंडी भरंल, निघ की!" तेव्हा कुठे निघाली. घरी नेऊन माझं कोरडं पातळ नेसवलं, चहा दिला, आणि ती दोन कप प्याली. पूर्ण.

ती मुलगी नववीत बसली, पुढे अकरावी मॅट्रिकही तिथूनच झाली. दाखला घ्यायला कुणी आलं नाही.

आता तूच ठरव हे पुस्तिकेत किती ओळींत बसवायचं ते. नाहीच बसलं तर राहू दे, त्या साहेबांसारखं "आवाजावरून दिसते" लिही. पण तुझ्या वर्गातही कुणाचं पोट दर आठवड्याला दुखत असेल, तिला एकटीला बसवून विचार, माझ्यासारखा दीड वर्ष उशीर करू नकोस. आणि ये बाई लवकर. मी माहेरच्या गावी येऊन राहिले खरी, पण मांजरी काही परदेशात नाही, बस थेट येते. येत्या रविवारी ये, घड्याळ घरी ठेवून ये, आणि जेवायलाच ये. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ मळ्यापलीकडे सुरू झालंय. मला आता एकटीला तिथवर चालवत नाही, तुझा हात धरून जाईन म्हणते.